पायांची बेचैनी आणि औषधाची वेळ

अंथरुणास पाठ टेकताच पोटऱ्यांत वळवळ उठावी आणि चार पावले चालताच ती ओसरावी, ही जी व्याधी इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये वर्णिली व स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये सविस्तर मांडली, तिला अकोल्याकडे पऱ्हाटीच्या वावरात दिवसभर राबलेली बाई केवळ शीण समजते, याचे मला फार वाईट वाटते.

या व्याधीवर दिली जाणारी प्रामिपेक्सोलची गोळी निजण्यापूर्वी दोन-तीन तास घ्यावयाची असते. वळवळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी अर्धी रात्र वाया घालविते. शिवाय वर्षानुवर्षे घेतल्यास हेच औषध कित्येकांची लक्षणे दुपारीच आणून ठेवते, म्हणून हल्ली गॅबापेंटिनच्या वर्गास अग्रक्रम मिळतो.

परंतु खर्चाचा विचार करणाऱ्याने प्रथम रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप, तपासून घ्यावे. प्रौढांत ते ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर वा त्याहून कमी असल्यास लोहाची गोळी सुचविली जाते, आणि ती स्वस्त असते. मात्र ती चहाबरोबर घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. बाहेरून औषध घेणे भागच पडले, तर अमरावतीकरांनी डॉक्टरांकडून मूळ औषधाचे नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.