बाँडच्या हातात काय द्यायचं?

जेम्स बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके आलं ते एका वाचकाच्या तक्रारीमुळे, हे बाँडप्रेमींना तोंडपाठ असतं. त्या तक्रारीत नेमकं काय लिहिलं होतं, तिकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. कॉलेजात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून बाँड वाचायला लागल्यापासून मला त्या पत्राची ओढ लागली. इयन फ्लेमिंगचा पुतण्या फर्गस याने संपादित केलेला ‘द मॅन विथ द गोल्डन टाइपरायटर’ हा पत्रसंग्रह २०१५ साली आला आणि फ्लेमिंग व त्या वाचकाचा पत्रव्यवहार सलग वाचायला मिळाला. माणसाने शस्त्र कसं निवडावं, यावर एवढा रंगलेला वाद मी दुसरीकडे वाचलेला नाही. बंदूक कधी हाताळलेली नसली तरी हा वाद कळतो, कारण मुळात तो हात, कपडे आणि काम यांच्याबद्दल आहे.

पत्रावर तारीख २३ मे १९५६. लिहिणारा जेफ्री बूथ्रॉइड, मुक्काम ग्लासगो, वय तिशीच्या आसपास, नोकरी इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या बड्या कंपनीत, आणि उरलेला सगळा जीव बंदुकांत. बाँड आपल्याला आवडतो, असं तो आधी सांगतो आणि लगेच मुद्द्यावर येतो: या माणसाची शस्त्रांची निवड अगदीच भिकार आहे. जगातल्या एकाहून एक खुनशी माणसांशी गाठ असलेला गुप्तहेर पॉइंट २५ बोअरचं बेरेटा घेऊन कसा फिरतो? हे बायकांचं पिस्तूल आहे, असंही बूथ्रॉइड म्हणतो. या शेऱ्याचा समाचार मी पुढे घेणार आहे.

आधी त्या बेरेटाकडे पाहू. १९५३ च्या ‘कसिनो रॉयाल’पासून ते बाँडच्या काखेत, मऊ शॅम्वा चामड्याच्या होल्स्टरमध्ये होतं. अगदी चपटं, आणि मुठीवरच्या दोन्ही पट्ट्या काढून नुसता सांगाडा ठेवलेला. कोटाखाली फुगवटा दिसू नये म्हणून ही सगळी खटपट. हे फ्लेमिंगला बरोबर सुचलं होतं. जुगाराच्या टेबलावर डिनर जॅकेटमध्ये बसणाऱ्या माणसाची ती खरी गरज होती. पण पट्ट्या काढल्या की मूठ तळव्यात भरत नाही. बोटं मिटतात तरी मध्ये पोकळी राहते, आणि चाप ओढताना पिस्तूल हातातल्या हातात किंचित फिरतं. शिवाय पॉइंट २५ ची गोळी असते जेमतेम सव्वातीन ग्रॅमची. जॉन ब्राउनिंगने हे काडतूस १९०५ च्या सुमारास वास्कुटाच्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलांसाठी काढलं. खिशात मावणं हाच त्याचा मोठा गुण.

बूथ्रॉइड नुसती टीका करून थांबला नाही. त्याने पर्याय सुचवला: स्मिथ अँड वेसनचं सेंटेनिअल एअरवेट, पॉइंट ३८ चं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. कंपनीच्या शंभरीनिमित्त १९५२ मध्ये निघालेलं, दोन इंची नळीचं, हलक्या मिश्रधातूमुळे वजन ३७० ग्रॅमच्या आसपास. ही निवड जितकी उलगडून पाहावी तितका बूथ्रॉइड मला पटत जातो. त्याच्या डोक्यात आधी कोट होता. रिव्हॉल्व्हर घाईत बाहेर काढताना मागचा हॅमर अस्तरात अडकतो. सेंटेनिअलमध्ये तो आतच झाकलेला, वरून पाठ गुळगुळीत. मग हात. या रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी असते. तळव्याने ती नीट दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही, म्हणजे पकड चुकली तर शस्त्र नकार देतं. ज्याला ही पट्टी नको असेल त्याने ती कायमची दाबून ठेवावी, म्हणून एक बारीकशी पिन मुठीच्या फळीखालीच ठेवून दिलेली असे. शेवटी काम. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरवाल्याने पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. ऑटोमॅटिकवाल्याला तिथे दुसरा हात लावावा लागतो, आणि बाँडचा दुसरा हात रिकामा असेल याची खात्री कोण देणार? गोळीचं वजन सव्वादहा ग्रॅम, बेरेटाच्या तिपटीहून जास्त.

फ्लेमिंगने झटपट आणि मनापासून उत्तर दिलं. पण त्याला ऑटोमॅटिक हवं होतं. रिव्हॉल्व्हरची काडतुसांची फुगीर चकती त्याच्या नायकाच्या शिवलेल्या कोटाखाली त्याला बघवत नसावी, असा माझा अंदाज. वस्तूंची नावं चवीने लिहिणारा हा लेखक; सिगारेट, घड्याळ, अंडं किती मिनिटं उकडायचं, सगळं नेमकं हवं. बूथ्रॉइडने मग ऑटोमॅटिकमधला त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणून ७.६५ मिलिमीटरचं वॉल्थर पीपीके सुचवलं. त्याचं काडतूस जगात कुठेही मिळतं, हा त्याचा एक मुद्दा होता, आणि देशोदेशी हिंडणाऱ्या माणसासाठी तो बिनतोड आहे.

पीपीके हे जर्मन साध्या वेशातल्या पोलिसांसाठी तीसच्या दशकाच्या तोंडावर आलेलं पिस्तूल. पहिली गोळी झाडताना चाप लांब आणि जड ओढावा लागतो, पुढच्या गोळ्यांना हलका. एकाच शस्त्राचे हे दोन स्वभाव बोटाला शिकवावे लागतात. मूठ लहान, पंजा मांसल असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी वर सरकते आणि मागे येणारी स्लाइड तिला कापते. ज्यांचा पंजा मोठा आहे त्यांची ही जुनी तक्रार आहे.

मग बाँडचा पंजा कसा होता? सगळ्या पत्रव्यवहारात मला खटकलेली जागा हीच. बूथ्रॉइड कोटाचं बोलतो, गोळीचं बोलतो, होल्स्टरचं बोलतो, पण या माणसाची बोटं किती लांब आहेत असं विचारत नाही. फ्लेमिंगही सांगत नाही. बाँडच्या हाताबद्दल वाचकाला ठामपणे ठाऊक असलेली गोष्ट एकच: ‘कसिनो रॉयाल’मध्ये स्मर्श या सोव्हिएत हेरसंस्थेच्या मारेकऱ्याने त्याच्या उजव्या हातावर सुरीने एक रशियन अक्षर कोरलं आणि पुढे डॉक्टरांनी त्यावर कातडी बसवली. हा त्याचा पिस्तुलाचा हात. जखमेनंतर त्याची पकड बदलली का, हे त्या दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

१९५८ च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत सगळा पत्रव्यवहार कथेत उतरला. सायलेन्सर कपड्यात अडकल्याने मागच्या कामगिरीत बाँडचा जीव जाणार होता, म्हणून त्याचा वरिष्ठ एम त्याला बेरेटा टेबलावर ठेवायला लावतो आणि शस्त्रागाराच्या प्रमुखाला बोलावतो. त्या प्रमुखाचं नाव मेजर बूथ्रॉइड. ग्लासगोच्या नोकरदाराला फ्लेमिंगने अशी बढती दिली. कादंबरीतला मेजर पीपीके देतो आणि जड कामासाठी सेंटेनिअल एअरवेटही देतो. लोकांच्या लक्षात फक्त पीपीके राहिलं.

इथेच फ्लेमिंगचा घोटाळा झाला. बूथ्रॉइडने पत्रात बर्न्स-मार्टिन नावाच्या होल्स्टरची तारीफ केली होती. हे होल्स्टर पुढून उघडं असतं. आतली स्प्रिंग रिव्हॉल्व्हरची चकती दोन्ही बाजूंनी कवळून धरते आणि शस्त्र वर न उचलता सरळ पुढे खेचून काढता येतं. फ्लेमिंगला हे नाव फार आवडलं असणार. त्याने ते उचललं आणि पीपीकेला जोडून दिलं. पीपीकेला चकतीच नाही. स्प्रिंगने धरायचं काय? बंदुका जाणणाऱ्या वाचकांनी ही चूक पकडली, आणि सल्लागार म्हणून नाव गेलं ते बूथ्रॉइडचं. मला इथे बूथ्रॉइडची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने शस्त्र, होल्स्टर आणि कपडे यांचा एक संच बांधून दिला होता. फ्लेमिंगने त्यातली आवडलेली नावं वेचली आणि संच मोडला. गोळीच्या हिशेबात पाहिलं तर सव्वातीन ग्रॅमवरून सव्वादहावर जायचं होतं. बाँड जाऊन पोहोचला साडेचारच्या आसपास. ‘डॉ. नो’ चित्रपटात या पिस्तुलाच्या ताकदीचं जे वर्णन ऐकू येतं, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. त्या प्रसंगात हाती दिलेलं शस्त्रही प्रत्यक्षात पीपीके नसून त्याचं थोडं मोठं भावंड पीपी आहे.

या सगळ्या कथेत एकच हत्यार असं होतं जे खऱ्या माणसाच्या खऱ्या हातासाठी घडवलेलं होतं, आणि ते स्वतः बूथ्रॉइडचं. त्याच्या पॉइंट ३८ स्मिथ अँड वेसनची नळी त्याने आखूड करून घेतली होती आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा तुकडा कापून टाकला होता, बोट अडथळ्याशिवाय चापावर जावं म्हणून. (आजचा कोणताही शहाणा प्रशिक्षक असं करू देणार नाही, ते कडं चुकून बोट पडू नये यासाठीच असतं.) ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या मुखपृष्ठासाठी फ्लेमिंगने हे रिव्हॉल्व्हर मागून घेतलं आणि चित्रकार रिचर्ड चॉपिंगने ते गुलाबाच्या फुलाबरोबर रंगवलं. पहिल्या आवृत्तीचं ते मुखपृष्ठ निरखून पाहा, कापलेलं कडं स्पष्ट दिसतं. रिव्हॉल्व्हर असं इंग्लंडात असताना, सप्टेंबर १९५६ मध्ये, ग्लासगोजवळ एका घरात तीन बायकांचा गोळ्या घालून खून झाला. हत्यार पॉइंट ३८. परवानाधारकांची चौकशी करत पोलीस बूथ्रॉइडच्या दारात आले, आणि आपलं रिव्हॉल्व्हर एका कादंबरीकाराकडे चित्रासाठी गेलंय, हे त्यांना पटवून देणं त्याच्या नशिबी आलं. पुढे खरा खुनी पीटर मॅन्युएल सापडला आणि १९५८ मध्ये फाशी गेला. हा किस्सा फ्लेमिंगने १९६२ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये स्वतः लिहिला आहे.

पीपीकेची कीर्ती मग चित्रपटांनी वाढवली, बहुतेकदा शस्त्राकडे न बघताच. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या १९६३ च्या चित्रपटाच्या जाहिरातीतला शॉन कॉनरीचा तो प्रसिद्ध फोटो आठवा: हात छातीवर दुमडलेले, गालाजवळ लांब नळीचं पिस्तूल. त्या दिवशी पीपीके आणायचं राहून गेलं, म्हणून छायाचित्रकार डेव्हिड हर्नने स्वतःची वॉल्थर एअर पिस्टल त्याच्या हाती दिली. छर्रे मारायची, नेमबाजीच्या सरावाची. २०१० मध्ये ती लिलावात पावणेतीन लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. आणि २० मार्च १९७४ ला लंडनमध्ये राजकन्या अ‍ॅन यांची मोटार अडवली गेली, तेव्हा त्यांचे अंगरक्षक जेम्स बीटन यांच्या हातातलं वॉल्थर ऐनवेळी अडकलं. अंगावर तीन गोळ्या झेलून ते राजकन्येपुढे उभे राहिले. बूथ्रॉइडने अठरा वर्षांपूर्वी आधी रिव्हॉल्व्हरच का सुचवलं होतं, ते इथे कळतं.

आता ‘बायकांचं पिस्तूल’ या शेऱ्याकडे येतो. बूथ्रॉइडचा मी चाहता आहे, पण हा शेरा चुकीचा आहे आणि त्याची किंमत अजून मोजली जाते. लहान आणि हलकं म्हणजे चालवायला सोपं, हा गैरसमज त्याच्या मुळाशी आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. शस्त्र जितकं हलकं तितका त्याचा झटका हाताला जास्त बसतो, नळी आखूड तितकी नेमाची चूक मोठी, आणि मूठ लहान तर करंगळीला धरायला जागाच उरत नाही. बूथ्रॉइडचं आवडतं ३७० ग्रॅमचं एअरवेटही शिकाऊ हाताला हिसके देणारं आहे. ते कसलेल्या माणसाने, बाळगायला सोयीचं म्हणून घ्यायचं शस्त्र.

आपल्याकडे २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ काढलं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून. पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं, पर्समध्ये मावणारं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ते दागिन्यांच्या डबीसारख्या मरून डबीत घालून विकायला ठेवलं होतं. बोअर पॉइंट ३२ असण्याला कायद्याचं कारण आहे: पॉइंट ३८ आणि ९ मिलिमीटर हे बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. बूथ्रॉइडची पहिली पसंती इथल्या परवानाधारकाला बंद, आणि बाँडच्या पीपीकेचं ७.६५, म्हणजेच पॉइंट ३२ ऑटोमॅटिक, मात्र खुलं. तेवढं सोडलं तर निर्भीकच्या जाहिरातीत वजन होतं, डबी होती, पर्स होती. जिच्या हातात ते जायचं तिच्या पंजाचं माप कुठेच नव्हतं.

हे माप घेणारी माणसं शोधायची तर कोल्हापूरकडे पाहावं. तिथल्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. थायलंडच्या स्पर्धकाशी बरोबरी झाली, शूटऑफ झाला, त्यातही बरोबरी, मग दुसरा शूटऑफ. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. या प्रकारात पिस्तूल पॉइंट २२ चं असतं, गोळी बेरेटाच्या गोळीहूनही हलकी, पण शस्त्राला १४०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं आणि चाप किमान एक किलोचा असावा लागतो. तिथे वजन कुणी कमी करायला धावत नाही, कारण तेच नळीला स्थिर ठेवतं. लाकडी मूठ मात्र खेळाडूगणिक वेगळी. तळव्याच्या मापाची घ्यायची, मग कुठे कानशीने घासायची, कुठे लुकण भरायचं, अंगठ्याची बैठक खोल करायची, तर्जनीचं पहिलं पेर चापावर सरळ मागे दाबेल इतकंच अंतर ठेवायचं. पेर जास्त आत गेलं तर गोळी एका बाजूला, अपुरं पडलं तर दुसऱ्या बाजूला. सराव वाढला, हात भरला, दुखापत झाली की पुन्हा घासायची. मूठ मनगटाच्या वर चढून त्याला आधार देणार नाही, एवढी अट नियमात आहे. बाकी ज्याचा हात त्याचा आकार.