बायोडिझेलची टाकी बांधण्यापूर्वी

तळून काळे पडलेले तेल गटारात ओतण्याचे दिवस आता गेले. तेलातील पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी अशा तेलाचे बायोडिझेल करण्याची ‘रूको’ योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुरू केली. बारामती-इंदापूरकडील आमच्या फॅब्रिकेटर बांधवांकडे अशा टाकीची ऑर्डर आली, तर दर देण्यापूर्वी पुढील हिशेब करावा.

तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक घालून ६० अंशांच्या आसपास ढवळले की बायोडिझेल वर येते, ग्लिसरीन खाली बसते. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते, म्हणून त्याखालीच राहायचे. १०० किलो तेलाला ११ किलो मिथेनॉल पुरते, पण काम पुरे व्हावे म्हणून दुप्पट घालतात. उरलेले ११ किलो वाफ करून परत मिळवायचे.

गफलत होते ती येथे. १०० किलो तेल २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे दोन युनिट वीज लागते. मिथेनॉलची वाफ करायला मात्र किलोला सुमारे ११०० किलोज्यूल, म्हणजे ११ किलोंना जवळजवळ साडेतीन युनिट! तेवढीच उष्णता कंडेन्सरने काढून घ्यायची असते. पाणी दहा अंशांनी तापू दिले तर सुमारे २९० लिटर पाणी लागेल. आपल्या जिरायती भागात ते ओतून देणे परवडणार नाही, पाणी फिरते ठेवावे. कंडेन्सर लहान पडला तर वाफ शेडमध्ये सुटते. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही, आणि आपल्या शेडमध्ये वेल्डिंगची ठिणगी नेहमीचीच.

मिथेनॉलचे आकडे मोजलेले आहेत. तेलाचे तसे नाही. ते उकळण्याआधीच फुटते, मग उकळबिंदू मोजणार कसा? म्हणून रसायनतज्ज्ञ रेणूचे तुकडे मोजतात, प्रत्येक तुकड्याला ठरलेला आकडा देतात आणि बेरीज करतात. गवंडी विटा मोजून भिंतीचा अंदाज काढतो, तसेच हे. जोबॅक यांची १९८० च्या दशकातील पद्धत प्रसिद्ध आहे. मात्र तेलाच्या मोठ्या रेणूंसाठी ती बरीच चुकू शकते, तिच्यावर विसंबून पत्रा कापू नये.

चरबीचा भाव ठरवतानाही सावध असावे. स्टिअरिक आम्लाचे एस्टर ३९ अंशांच्या आसपास गोठते, ओलिइकचे उणे २० च्या सुमारास. दोहोंत कार्बन सारखेच, फरक एका दुहेरी बंधाचा. मटणाच्या चरबीत पहिला प्रकार भरपूर असतो. तिचे इंधन हिवाळ्याच्या पहाटे फिल्टर तुंबवील, म्हणून ते पातळ तेलाच्या इंधनात मिसळूनच विकावे.