पुराचे दर्शन आणि पुराचे भान

नदीला पूर आला की माणसे तो पाहावयास निघतात. वर्षाकाठी सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात तर ही ओढ अधिकच. पंढरपुरात चंद्रभागा दुथडी भरून वाहू लागली, पुंडलिकाच्या मंदिरास पाण्याने वेढले आणि जुना दगडी पूल दिसेनासा झाला, की देवदर्शनास आलेला मनुष्य आधी घाटाकडे वळतो. दुष्काळाने पोळलेले मन त्या पाण्याने सुखावते. यात वावगे काहीच नाही.

परंतु गावात ऊन पडलेले असताना हे पाणी येते कोठून? भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा सह्याद्रीचे पाणी घेऊन येते, आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात ते अडते. धरणाखाली नरसिंहपुराजवळ तिला नीरा मिळते. तेव्हा पंढरपूरचा पूर म्हणजे बहुधा उजनी आणि नीरेवरील वीर या दोन धरणांच्या विसर्गाची बेरीज होय. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालला, तर सुमारे साडेआठ टीएमसी पाणी वाहून जाते. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

असा पूर काही तासांची पूर्वसूचना देतो. सगळेच पूर ती देत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतील गावे वेढली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गही बंद पडला. घाटही नेहमीच सुरक्षित नसतो. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले.

प्रेक्षकाला जो देखावा, तोच नदीकाठच्या झोपडीला संसार डोक्यावर घेऊन निघण्याचा हुकूम असतो. पूर पाहावयास अवश्य जावे. पण पुलावर गर्दी करून मदतीची वाट अडवू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना क्युसेक आणि टीएमसी यांचा हिशेब शिकवावा. उन्हाळ्यात याच जिल्ह्यात टँकरची वाट पाहावी लागते. मग भरल्या नदीचे पाणी कोणाच्या वाट्याला येते, हेही नागरिकांनी विचारावे. पुराचे दर्शन क्षणाचे असते, त्याचे भान मात्र वर्षभर राहिले पाहिजे.