कापड धरले, दोरा धरला, वेळ कुठे गेला?

शिवण येणाऱ्या बाईला घरबसल्या काय करता येईल, असे कोणी विचारले की मी ॲप्रन सुचवते. ब्लाउजसारखे माप घ्यावे लागत नाही, ट्रायल नाही, 'खांद्यात घट्ट होतोय' अशी तक्रार नाही. सरळ टीप आली की जमले. गिऱ्हाईकही असते. केक करणाऱ्या मुली, डबे पोहोचवणाऱ्या बायका आणि रमजानच्या आधी खाण्याचे स्टॉल लावणारे.

आमच्या शेजारच्या आपांनी हेच सुरू केले. त्याआधी त्या एका ठेकेदाराकडून कापलेले तुकडे आणून शिवत. नगाला आठ रुपये. दोरा स्वतःचा, वीज स्वतःची, टीप वाकडी गेली तर पैसे कापले जात. "आता माझा माल, माझा भाव," असे म्हणून त्यांनी स्वतःचे ॲप्रन एकशे ऐंशीला विकायला काढले.

एके दुपारी जुहरची नमाज झाल्यावर त्यांच्याकडे बसले होते. सहज म्हटले, "आपा, घड्याळ लावून एक शिवा बघू." कापण्यापासून दोरे छाटेपर्यंत सव्वा तास लागला. मग वही काढली. कापड एकशे चाळीस, दोरा-वीज दहा. उरले तीस रुपये, म्हणजे तासाला चोवीस. ठेकेदाराचा नग पाऊण तासात तीन होत, तासाला बत्तीस पडत. दोऱ्याचे पैसे वजा केले तरी तेच जास्त! आपा बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी त्यांच्यापेक्षाही स्वतःला कमी देत होते?"

हे आपांचेच नाही. घरी बसून शिवतो ते 'फावल्या वेळातले', असे आपणच म्हणतो. अहमदाबादेत मिलच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायकांचा अनुभव यासाठी आठवावा. 1972 साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेच्या आधाराने त्यांनी मजुरीचा दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. पुढे त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. घरी काम करणारी व्यक्तीही कामगारच, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 च्या ठरावात मान्य केले. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता कामाचे. कापड आधी धुऊन, वाळवून घ्या. नवे सुती कापड आटते आणि शिवल्यावर आटले तर गिऱ्हाईक परत येत नाही. ड्रिल किंवा जाडसर केसमेंट चांगले, मलमल नको. 110 सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटरमध्ये पूर्ण ॲप्रन बसतो. 70 बाय 85 चा मुख्य तुकडा कापला की बाजूला 40 सेंटिमीटरची पट्टी उरते. तिच्यातून कमरेचे दोन बंद, गळ्याचा पट्टा आणि खिसा निघतो. मुख्य तुकडा उभा दुमडून वरची रुंदी 28 ठेवा आणि बगलेचा गोल एखाद्या ताटाच्या काठाने आखा. गोलावर उरेप पट्टी लावा, नाहीतर दोन धुण्यांत तो ताणून लोंबतो. जुन्या ओढणीची पट्टी छान दिसते. खिशाच्या वरच्या कोपऱ्यांवर छोटा त्रिकोण दुहेरी टिपेने मारा, कारण फाटतो तो तिथेच. सहा-सहा एकदम कापले तर प्रत्येकाचा वेळही कमी होतो.

आपांनी तासाचे साठ रुपये धरून भाव सव्वादोनशे केला. पहिल्याच बाईने "बाजारात दीडशेला मिळतो" म्हणून तोंड फिरवले. आपांचा चेहरा उतरला आणि खरे सांगायचे तर माझाही. बाजारातला दीडशेचा कोणाच्या तरी आठ रुपयांवर उभा असतो, हे त्या बाईला सांगून काय होणार होते?

आठवड्याने केकवाल्या एका मुलीने सहा मागितले. भाव ऐकून तिने एवढेच विचारले, "खिसा थोडा मोठा होईल ना?" आपांनी वहीत लिहून ठेवले: खिसा मोठा, पाच मिनिटे जास्त.