डॉक्टर मोजके, डोंगर मोठे!

आपल्या गावात डॉक्टर निवडायची केवढी सोय असते, नाही का? एकाच्या औषधाने दोन दिवसांत ताप उतरला नाही, की शेजारच्या वहिनी लगेच दुसऱ्याचं नाव सुचवतात. “त्यांच्या हाताला गुण आहे हो!” असं म्हणतात. आपणही जातो. फी थोडी जास्त पडते, पण मनाचं समाधान होतं. पण समजा मैत्रिणींनो, निवडायला दुसरा डॉक्टरच नसला तर? आणि जो आहे तो सरकारी नोकर, तुमच्याकडून फी न घेणारा, आणि उद्या त्याची बदली झाली तर त्याच्या जागी कोण येईल हे कुणालाच ठाऊक नसलेला?

असा एक देश आपल्या शेजारीच आहे. तो म्हणजे भूतान. २०१७ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ७ लाख २७ हजार भरली. म्हणजे आपल्या सोलापूर शहरापेक्षाही कमीच! पण ही माणसं विखुरली आहेत ती सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरच्या डोंगरदऱ्यांत. तिथल्या डॉक्टरांची कहाणी आपण बायकांनी जरूर ऐकावी अशी आहे. घरातल्या दुखण्याखुपण्याचा सारा भार शेवटी आपल्याच डोक्यावर असतो ना!

फी नाही, पाटी नाही

भूतानची राज्यघटना २००८ साली आली. आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही उपचारांची मूलभूत सेवा सर्वांना मोफत मिळाली पाहिजे, ही जबाबदारी तिने शासनावर टाकली आहे. तपासणीची काही खाजगी केंद्रं सोडली, तर दारावर पाटी लावून स्वतःचा दवाखाना थाटणं तिथल्या डॉक्टरला जमत नाही. तो सरकारी चाकरीतला माणूस. पगार ठरलेला, बदली वरून आलेली. ज्या औषधांची किंवा शस्त्रक्रियेची सोय देशात नाही, त्यासाठी रोग्याला सरकारी खर्चाने भारतात, कलकत्त्याला किंवा वेल्लोरला पाठवतात.

ऐकायला किती छान वाटतं! पण या मोफत सेवेची किंमत कुणीतरी मोजतच असतं. २०२० साल उजाडलं तेव्हा साऱ्या देशात मिळून डॉक्टर होते ३३७. म्हणजे सव्वादोन हजार माणसांमागे एक. अत्यवस्थ रोग्यांच्या उपचाराचं खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तर देशभरात एकच! अशा माणसाला सुट्टी कधी मिळत असेल? त्याच्या घरी मूल तापलं, तर तो कुणावर भरवसा टाकून घरी जात असेल?

शिकायचं परदेशी, राबायचं डोंगरात

वर्षानुवर्षं भूतानी मुलामुलींना डॉक्टर व्हायचं तर देश सोडावा लागे. भारत, बांगलादेश, श्रीलंका अशा देशांत जाऊन ती शिकत. पाच-सहा वर्षं परक्या भाषेत, परक्या जेवणावर काढायची आणि परत यायचं. सरकारी खर्चाने शिकलेल्यांवर ठरावीक वर्षं सेवा करण्याचं बंधन असतं. मायदेशी पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं २०१४ साली, आणि एम.बी.बी.एस.चे वर्ग तर अगदी अलीकडे, २०२३ मध्ये!

परत आल्यावर नेमणूक राजधानी थिंफूतच मिळेल असं थोडंच आहे? मोठी संदर्भ रुग्णालयं तीन: थिंफूला, पूर्वेला मोंगरला आणि दक्षिणेला गेलेफूला. बाकी जिल्ह्याची इस्पितळं, आणि त्याखाली खेड्यांतली छोटी आरोग्यकेंद्रं. यांतल्या कितीतरी केंद्रांत डॉक्टर नसतोच. आरोग्य सहाय्यक आणि परिचारिकाच सारं पाहतात. लुनानासारख्या भागात तर कित्येक दिवस पायी चालत जावं लागतं. आता अत्यवस्थ रोग्याला हेलिकॉप्टरने आणायची सोय झाली आहे, पण ढग उतरले की तेही बसून राहतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर एकटा-दुकटा असला, की त्याला सगळंच करावं लागतं. सकाळी ताप-खोकल्याची रांग, दुपारी मोडलेलं हाड, रात्री अडलेली बाळंतीण! आणि गाव लहान, तेव्हा बाजारात भाजी घेतानाही कुणीतरी बाही मागे सारून पुरळ दाखवणारच.

बाळंतिणीचा खुराक आणि डॉक्टरची काळजी

आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं देतात. भूतानमध्ये लोणी आणि अंडं घालून गरम केलेली ‘आरा’ द्यायची रीत आहे. आरा म्हणजे घरी गाळलेली दारू, बरं का! आलेल्या पाहुण्यालाही तीच. हे सारं प्रेमाने चालतं. पण दारूने यकृत बिघडलेले रोगी हा तिथल्या इस्पितळांतला मोठा प्रश्न आहे. मग डॉक्टरने काय करावं? आजेसासूबाईंसमोर सुनेला “हे पिऊ नकोस” असं सांगावं? ते किती अवघड, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको!

आजार आला की आधी लामांना बोलावून पूजा घालायची, ही तिथली जुनी चाल आहे. शहाणा डॉक्टर तिची थट्टा करत नाही. पूजा करा, पण रोग्याला इकडेही आणा, उशीर करू नका, असं सांगतो. इस्पितळांतच पारंपरिक वैद्यांचाही विभाग असतो. या वैद्यांना तिथे ‘द्रुंगत्सो’ म्हणतात.

अशा समजुतीच्या गोष्टींनीच मोठी कामं झाली. एकेकाळी घरातच होणारी बाळंतपणं आता शंभरातली नव्वदाहून अधिक इस्पितळात किंवा आरोग्यकेंद्रात होतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग टाळणारी लस देशभरातल्या मुलींना द्यायला भूतानने २०१० मध्येच सुरुवात केली. मार्च २०२४ मध्ये भारताच्या मदतीने थिंफूला बायका आणि मुलांसाठी १५० खाटांचं वेगळं रुग्णालयही उभं राहिलं.

शनिवारी पंतप्रधान शस्त्रक्रिया करतात!

डॉक्टर किती मोजके, याचा एक गमतीदार पुरावा सांगते. २०१८ ते २०२३ या काळात भूतानचे पंतप्रधान होते डॉ. लोटे शेरिंग. ते मूत्ररोगांचे शल्यविशारद. पंतप्रधान झाल्यावरही शनिवारी ते थिंफूच्या इस्पितळात जाऊन शस्त्रक्रिया करत. कुणी गोल्फ खेळतं, कुणी तिरंदाजी करतं, तसा आपला विरंगुळा शस्त्रक्रियेचा, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं होतं. त्यात हौस होती हे खरंच. पण तिथे शल्यविशारदाचा एक हात कमी झाला, तरी रोग्यांची रांग लांबते.

मग आली कोरोनाची साथ. एवढ्या थोड्या डॉक्टरांवर रोग्यांचा लोंढा आला असता तर? म्हणून रोग आत येऊ न देण्यावरच भर दिला गेला. लस मिळाली ती भारताकडून, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली! पहिल्या दीड लाख मात्रा जानेवारी २०२१ मध्येच पोचल्या होत्या. पण सर्वांना पुरेल इतका साठा येईपर्यंत त्यांनी धीर धरला. २७ मार्चला, मुहूर्त पाहून, वानरवर्षी जन्मलेल्या बाईच्या हस्ते वानरवर्षीच जन्मलेल्या बाईला पहिली सुई टोचली. आणि दोनेक आठवड्यांत शंभरातल्या नव्वदाहून अधिक प्रौढांना लस देऊन झाली! आरोग्यसेवक बर्फातून पायी गावोगाव गेले, तेव्हा हे जमलं.

आता चिंता वेगळी

साथ ओसरली आणि २०२२ पासून वेगळंच संकट उभं राहिलं. तरुण मंडळी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली. त्यांत परिचारिका होत्या, डॉक्टरही होते. २०२३ साली सरकारने नोकरदारांचे पगार वाढवले, पण घरातला कर्ता माणूस नुसता पगारच पाहतो का? मुलांच्या शाळा, नवरा-बायकोच्या दोन गावच्या नेमणुका, न संपणाऱ्या रात्रपाळ्या हेही पाहतो. जाणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण एक परिचारिका गेली, की उरलेल्या दोघी तिची पाळी वाटून घेतात, आणि थोड्या दिवसांनी त्यांतली एक दमून जाते. हे चक्र थांबवायचं कसं, हाच तिथला आजचा खरा प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे डॉक्टर पुष्कळ, असं वाटतं. पण तालुक्याच्या सरकारी इस्पितळातली रांग आठवा. वेळ आणि थकवा तिथेही तेवढाच महत्त्वाचा. म्हणून एवढं कराच:

• घरातल्या प्रत्येकाची एक फाईल ठेवा. जुनी चिठ्ठी, तपासण्या, कुठलं औषध सोसत नाही, हे सारं त्यात असू द्या.

• दवाखान्यात जाण्याआधी तक्रारी कागदावर लिहून काढा. ताप कधीपासून, किती, हेही लिहा.

• काढा, चूर्ण, अंगारा काहीही दिलं असेल तर लपवू नका.

• “सुई द्याच” असा हट्ट धरू नका. रक्तदाबाची किंवा क्षयाची गोळी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

• गरोदरपणातल्या तपासणीची तारीख लग्नकार्यासाठी पुढे ढकलू नका.

• डॉक्टर लग्नात भेटले, तर त्यांना निवांत जेवू द्या!

तुमच्या नात्यात एखादी डॉक्टर किंवा परिचारिका सून असेल, तर आणखी एक करा. ती रात्रपाळी करून येईल तेव्हा गरम चहाचा कप तिच्या हाती द्या आणि तिला तासभर झोपू द्या. दाराची बेल वाजली, तर ती उघडायला तुम्हीच जा.