सफरचंदाची मुळे आणि मातीतली वस्ती

हॅम्बर्गजवळ एल्ब नदीच्या काठाने ‘आल्टेस लांट’ हा फळबागांचा विस्तीर्ण पट्टा पसरला आहे. क्रान्त्स, नॉयएनफेल्डे ही त्यातली गावे तर शहराच्या हद्दीतच येतात. मुख्य पीक सफरचंदाचे. इथे जुनी बाग काढून त्याच ओळीत नवी रोपे लावली, की ती अनेकदा खुरटतात आणि मुळे काळवंडतात. खतपाणी नीट असले, तरी फरक पडत नाही. मात्र तीच माती तापवून निर्जंतुक केली, की रोपे जोमाने वाढतात. म्हणजे बिघाड मातीतल्या सजीवांत आहे. मुळांना इजा करणाऱ्या काही बुरश्या, जिवाणू आणि सूत्रकृमी यांचे तिथे फावलेले असते.

एरवी मातीतल्या सजीवांच्याच जोरावर झाड वाढते. मुळांशी जोडलेली मायकोरायझा बुरशी आपले तंतू दूरवर पसरून फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. जिवाणूंना खाणारे सूक्ष्म जीव नत्र मोकळे करतात. गांडुळांच्या बिळांतून हवा-पाणी खाली उतरते. माती सरसकट निर्जंतुक केली, तर हे सोबतीही मरतात. म्हणून तो उपाय मला घातक वाटतो.

उत्तर जर्मनीत त्याऐवजी आपल्या ओळखीचा झेंडू लावून पाहिला गेला. काही जातींच्या झेंडूच्या मुळांतली द्रव्ये मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमींना मारतात. शिवाय हा बिघाड जुन्या मुळांच्या आसपासच राहतो, म्हणून नवी ओळ दोन जुन्या ओळींच्या मधल्या पट्ट्यात लावणेही फायद्याचे ठरते.