वैमानिकाची नोकरी आणि यादीतला नंबर : अमेरिकी विमान कंपन्यांबद्दलचे सहा गैरसमज

१ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १९ हजार कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. त्यांत जवळपास १,६०० वैमानिक होते. हे सोळाशे जण कामात कमी पडले होते का? मुळीच नाही. ते सर्वांत शेवटी रुजू झाले होते, एवढंच. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी मिळून १२ हजारांहून जास्त वैमानिक घेतले. २०२४ मध्ये त्यांतल्याच काहींनी पुन्हा भरतीला लगाम घातला. बाहेरच्याला हे सगळं लहरी वाटतं. प्रत्यक्षात तिथे एक कडक नियम चालतो: ज्येष्ठता यादीतला तुमचा नंबर. तो नंबर नीट कळला नाही की पुढचे गैरसमज होतात.

गैरसमज १ : हुशार वैमानिक लवकर वर चढतो.

वस्तुस्थिती : पारख होते ती भरतीच्या वेळी. उड्डाणाचे तास, आधीच्या नोंदी, मुलाखत हे सगळं तेव्हा तपासलं जातं. रुजू झाल्यावर मात्र सहकाऱ्यांशी तुलना संपते. रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे नंबर मिळतो. एकाच दिवशी आलेल्यांचा क्रम वयासारख्या आधीच ठरलेल्या निकषाने लागतो. कोणतं विमान, कोणत्या शहरातून उड्डाण, कॅप्टनची खुर्ची कधी, उन्हाळ्यात रजा मिळणार की नाही, ख्रिसमस घरी की हॉटेलात, हे सगळं याच नंबरावर ठरतं. वैमानिक दर महिन्याला आपली पसंती भरून देतात. त्याला ते ‘बिड’ म्हणतात. वाटप वरच्या नंबरापासून सुरू होतं आणि उरेल ते खालच्यांच्या वाट्याला येतं.

याचा अर्थ कौशल्याला किंमत नाही असा नव्हे. प्रत्येकाला ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते आणि त्यात नापास होणाऱ्याला उडता येत नाही. कौशल्य नोकरीत टिकण्यासाठी लागतं. पुढे सरकायचं तर वरच्याने जागा सोडावी लागते.

ही पद्धत रेल्वेकडून आली. अमेरिकेत रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये झालेला कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्याआधी, १९३१ मध्ये, वैमानिकांनी ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही संघटना उभी केली होती. त्या काळी खराब हवामानातही उड्डाण करण्याचा दबाव वैमानिकांवर येई. ‘आज उडणार नाही’ म्हणणाऱ्याची बढती साहेबाच्या मर्जीवर असेल, तर तो किती वेळा नकार देईल? ज्येष्ठतेच्या नियमामुळे ती मर्जीच बाद होते. आजही या पद्धतीच्या बाजूने हाच सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे.

गैरसमज २ : यादीत वर असतो तोच कॅप्टन.

वस्तुस्थिती : नंबराने कॅप्टन होण्याचा हक्क मिळतो, सक्ती होत नाही. २०२२-२३ मध्ये युनायटेडसारख्या कंपनीतही कॅप्टनच्या बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या, कारण पात्र वैमानिकांनी त्या मागितल्याच नाहीत. नवा कॅप्टन कॅप्टनांच्या रांगेत तळाला जातो. शनिवार-रविवार, सणवार आणि फोन आला की धावायची ‘रिझर्व्ह’ ड्यूटी त्याच्याच माथी येते. तोच माणूस फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) राहिला, तर हवी ती फेरी निवडून मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळू शकतो. अशा रिकाम्या जागांवर मग अलीकडे रुजू झालेलेही दिसू लागले. मात्र प्रवासी कंपनीत किमान १,००० तास उडल्याशिवाय कॅप्टन होता येत नाही, हा कायदा त्यांनाही आहे. त्यामुळे कॉकपिटमध्ये डावीकडे बसलेल्या कॅप्टनपेक्षा उजवीकडचा फर्स्ट ऑफिसर यादीत वर असू शकतो. विमानाचा अंतिम निर्णय तरीही कॅप्टनचाच.

उलट दिशेचा प्रवासही होतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत यूएस एअरवेजचं विमान उतरवणारे कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर जगाला ठाऊक झाले. त्यांच्या शेजारी बसलेले जेफ्री स्काइल्स यांच्याकडेही १५ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. ते पूर्वी कॅप्टन होते. कंपनी आक्रसली, तसे यादीतल्या नंबरामुळे पुन्हा उजव्या खुर्चीत आले होते.

गैरसमज ३ : अनुभव गाठीशी असला की दुसऱ्या कंपनीत वरची जागा मिळते.

वस्तुस्थिती : भारतातल्या आणि आखातातल्या कंपन्या अनुभवी वैमानिकाला थेट कॅप्टन म्हणून घेतात, म्हणून आपल्याकडे हा समज पक्का आहे. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा तिथल्या अनेक कॅप्टनांना दुसरीकडे कॅप्टन म्हणूनच काम मिळालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत असं होत नाही. युनायटेडमधला वीस वर्षांचा कॅप्टन डेल्टात गेला, तर तो यादीच्या तळाला जातो आणि पगारही पहिल्या वर्षाचा घेतो. म्हणून चाळिशीनंतर तिथे सहसा कोणी मोठी कंपनी सोडत नाही. स्वेच्छेने सोडत नाही, असं म्हणायला हवं. कारण कंपनीच बुडाली तर नंबरही तिच्याबरोबर जातो. ईस्टर्न जानेवारी १९९१ मध्ये आणि पॅन ॲम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबली, तेव्हा पन्नाशीतल्या कॅप्टनांपुढे पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहण्याची वेळ आली.

गैरसमज ४ : फर्लो म्हणजे नोकरी गेली.

वस्तुस्थिती : फर्लो म्हणजे कंपनीने बिनपगारी घरी बसवणं. त्यात पगार थांबतो, पण नंबर शाबूत राहतो आणि परत बोलावलं जाण्याचा हक्कही. घरी पाठवताना खालून वर, परत बोलावताना वरून खाली, असा क्रम असतो. कोणाला ठेवायचं हे व्यवस्थापन निवडत नाही.

प्रश्न असतो तो वाट किती बघायची याचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर युनायटेडने दोन हजारांहून जास्त वैमानिक घरी पाठवले. त्यांतले काही परतले आणि २००८ च्या मंदीत पुन्हा बाहेर गेले. अमेरिकन एअरलाइन्समध्ये काहींना बोलावणं यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर कोणी मालवाहू विमानं उडवली, कोणी परदेश गाठला, कोणी विमानाचा नादच सोडला.

फर्लो कंपनीलाही स्वस्त पडत नाही. मोठ्या विमानावरचे कॅप्टन कमी केले, की ते लहान विमानावर येतात, तिथले आणखी खाली सरकतात आणि या साखळीतल्या प्रत्येकाला नव्या विमानाचं प्रशिक्षण द्यावं लागतं. म्हणूनच २०२० मध्ये डेल्टाने मुदतपूर्व निवृत्तीची योजना आणली आणि सुमारे १,८०० वैमानिकांनी ती घेतली. डेल्टा आणि युनायटेडमध्ये संघटनांनी कमी तासांच्या पगाराला मान्यता दिली आणि सक्तीचे फर्लो टळले. साउथवेस्टने तर आपल्या इतिहासात एकाही वैमानिकाला फर्लो केलेलं नाही.

गैरसमज ५ : दोन कंपन्या एक झाल्या की तारखा बघून याद्या जोडल्या जातात.

वस्तुस्थिती : इतकं सोपं असतं तर पुढचे वाद झाले नसते. २००१ मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए विकत घेतली आणि टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून जास्त वैमानिकांना आपल्या यादीच्या शेवटी जोडलं. काही महिन्यांतच सप्टेंबरचे हल्ले झाले, फर्लो सुरू झाले आणि तळाला असल्याने पहिला फटका त्यांनाच बसला. टीडब्ल्यूएचं मोठं केंद्र मिझुरीतल्या सेंट लुइसला होतं. त्याच राज्याच्या दोन सिनेटरांनी, मॅकॅस्किल आणि बाँड यांनी, २००७ मध्ये कायदा करून घेतला: याद्या रास्त आणि न्याय्य पद्धतीने जोडायच्या, वाद झाला तर लवादाकडे जायचं.

लवादानेही भांडण मिटतंच असं नाही. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यूएस एअरवेजचे बरेच वैमानिक तेव्हा फर्लोवर होते. त्यांची सेवा जुनी होती, पण प्रत्यक्ष काम नव्हतं. अमेरिका वेस्टचे तरुण वैमानिक रोज उडत होते. जास्त हक्क कोणाचा? २००७ मध्ये लवादाने फर्लोवरच्या जुन्यांना अमेरिका वेस्टच्या सर्वांत नव्या वैमानिकाच्याही खाली ठेवलं. संख्येने जास्त असलेल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी मग आपली जुनी संघटनाच मतदानाने बदलली आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१३ मध्ये कंपनी अमेरिकनमध्ये विलीन झाली, तरी याद्या वेगळ्याच होत्या. अखेरची एकत्र यादी २०१६ मध्ये लागली. विमानांना एकच रंग केव्हाच लागला होता, पण वैमानिक एकत्र यायला अकरा वर्षं गेली.

गैरसमज ६ : वैमानिकांचा तुटवडा आहे, म्हणजे नोकरी पक्की.

वस्तुस्थिती : तुटवडा खरा असतो, पण कायम नसतो. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट झालं. वरच्या जागा पाच वर्षं रिकाम्या झाल्याच नाहीत आणि खालचे जागच्या जागी राहिले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली. त्यानंतरच्या कायद्यानुसार २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. लष्करातून किंवा ठरावीक पदवी घेऊन आलेल्यांना त्यात सवलत आहे. कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा जास्त होते, हे मात्र फार जण विसरतात. अट आल्यावर नवे वैमानिक तयार व्हायला वेळ लागू लागला. कोविडात ज्येष्ठ मंडळी निवृत्त झाली, प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले आणि २०२२ ची विक्रमी भरती झाली.

मग वारं फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोइंगचं दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल हवेत निखळलं, बोइंगच्या उत्पादनावर निर्बंध आले आणि नवी विमानं उशिरा मिळू लागली. युनायटेडने वैमानिकांना स्वेच्छेची बिनपगारी रजा देऊ केली. स्पिरिटने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १८६ वैमानिक फर्लो केले आणि जानेवारी २०२५ मध्ये आणखी ३३०. तुटवड्याच्या बातम्या वाचून शिकायला गेलेला मुलगा परवाना हाती घेईपर्यंत चित्र पालटलेलं असू शकतं. फ्लोरिडा-टेक्सासात शिकणाऱ्या मराठी मुलांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. भारतात कमर्शियल परवान्यासाठी २०० तास पुरतात. अमेरिकी कंपनीत तेवढ्यावर दार उघडत नाही आणि तिथे कायमचं काम करण्याचा हक्कही लागतो.

या सगळ्यात हिशेब करता येईल अशी एक गोष्ट आहे. निवृत्तीचं वय ठरलेलं असल्यामुळे आपल्या वरचे किती जण कोणत्या वर्षी बाहेर पडणार, हे प्रत्येक वैमानिकाला यादीवरून कळतं. म्हणून कंपनी निवडताना पगाराच्या आकड्याआधी दोन प्रश्न विचारावेत. वरचे किती जण दहा वर्षांत पासष्टीला पोचणार? आणि आपल्यामागून किती जण भरती होणार? पहिल्या उत्तरावर बढती ठरते, दुसऱ्यावर सुरक्षितता. भरतीच्या लाटेत शेवटी चढलेल्याच्या खाली कोणीच नसतं, आणि मंदी आली की घरी जाण्याची सुरुवात त्याच्यापासून होते.